ब्राश्काची वाचा

हांद्रीदादाची वाचा गेली ती ऑगस्टात, सहकारी शेतीच्या कोठारात, गव्हाच्या पेंढ्या रचताना. मी खालून पेंढी देत होते आणि तो लांब दांड्याच्या काट्यानं वर ओढून घेत होता. एक पेंढी काही वर जाईना. "अरे धर की दादा, झोप लागली का?" असं मी ओरडले, तेवढ्यात तो पेंढ्यांवरून घसरत माझ्या पायाशीच आला. डोळे उघडे होते. उजवं अंग मात्र गेलं होतं.

तीन आठवड्यांनी इस्पितळातून घरी आणला, तेव्हा त्याच्यापाशी एकच शब्द उरला होता. ‘तो’. भूक लागली तरी ‘तो’, माशी बसली तरी ‘तो’, रडू आलं तरी ‘तो, तो’.

देवानं मस्करी करावी तर अशी. याच ‘तो’वरून दादानं अख्ख्या गावाचा जीव खाल्ला होता. आमच्या सोर्बी भाषेत, म्हणजे जर्मनांच्या मुलखात राहिलेल्या आम्हां मूठभर स्लाव लोकांच्या बोलीत, नावाआधी काही लावायची रीतच नव्हती. घोडा म्हणजे घोडा, पाव म्हणजे पाव. पण बाजार जर्मन, रेडिओ जर्मन, सहकारी शेतीची सभा जर्मन. जर्मन माणूस प्रत्येक नावापुढे एक शब्द ठेवतो, तसा आम्हीही ठेवायला लागलो. तो घोडा, तो पाव, ती गाय. आमची आजी दोन बैल चालले तर एक बोलायची आणि तीन चालले तर वेगळं बोलायची. आमच्या तोंडात दोन आणि तीन एकच झाले. होऊन गेलेली गोष्ट ती एका शब्दात सांगायची, आम्ही दोन शब्द एकापुढे एक जुंपून सांगतो. शब्द आमचेच, बांधणी परक्यांची. हे कधी झालं ते कुणालाच सांगता यायचं नाही. कोंबडी चोरीला गेली तर माणूस सकाळी मोजतो तरी.

दादाला मात्र रोज कळत होतं, कारण तो ब्राश्का होता. ब्राश्का म्हणजे लग्नात बोलणारा माणूस. अंगात काळा कोट, डोक्यावर उंच काळी टोपी, हातात फिती बांधलेली काठी. लग्नाआधी घरोघर जाऊन त्यानं आमंत्रणाचं बोलायचं आणि लग्नाच्या सकाळी नवरीच्या घरी तिच्या वतीनं निरोपाचं बोलायचं. सगळं पाठ. पणज्याकडून आजोबांकडे, आजोबांकडून बापाकडे, बापाकडून दादाकडे आलेलं, आणि त्यातलं अक्षरही हलवायचं नाही. बोलताना अडखळला तर ब्राश्कानं बाहेर जायचं, पुन्हा दार वाजवायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं, मग घरातलं दूध उतू जावो की गाय विवो. एकतीस वर्षांत दादा एकदाही बाहेर गेला नव्हता. त्याचा त्याला फार ताठा होता. गर्वाचं घर खाली म्हणतात, ते आमच्याच घरी खरं झालं.

त्याची लेक लेयना. दोन वर्षांपूर्वी आमच्या शेजारणीच्या, ख्रिस्ताच्या मुलीचं लग्न झालं, तेव्हा दादा ब्राश्का होता आणि लेयना करवली. लेयना शहराच्या सूतगिरणीत कामाला, दिवसाचे आठ तास तोंडात जर्मन. तिला नवरीचा मुकुट हातात घेऊन चारच वाक्यं बोलायची होती. ती तिनं आपल्या रोजच्या बोलीत बोलली. दादानं भर पंगतीत काठी आपटली. "पुन्हा म्हण." तिनं पुन्हा म्हटलं. पुन्हा काठी. तिसऱ्या वेळी लोक हसायला लागले.

"ही सोर्बी नव्हे," दादा म्हणाला. "सोर्बीचा झगा घातलेली जर्मन आहे ही. माझ्या घरात असलं बोलायचं असेल तर तोंड बंद ठेव."

तिनं तोंड बंद ठेवलं. लेक बापाचीच ना! त्यानंतर दोन वर्षं एकाच टेबलावर बसून ती म्हणायची, "आत्या, बाबांना मीठ दे," आणि दादा नुसती मान हलवायचा. वहिनी गेल्यापासून घराचा गाडा माझ्याच अंगावर होता, त्यात हे दोन टोकांचे निरोप पोचवायचं काम. मी दोघांनाही फाडफाड बोलले. पालथ्या घड्यावर पाणी.

आणि त्यातच लेयनाचं लग्न ठरलेलं. नवरा होर्स्ट, गिरणीतलाच फिटर. लढाईनंतर सायलीशियातून उठून आलेल्या जर्मन घरातला. पोरगा सालस, कॅथलिक, पण सोर्बीचे तीन शब्द यायचे, आणि त्यातले दोन खाण्याचे. दादाला विचारलं तेव्हा त्यानं होकाराची मान हलवली होती. तारीख ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारची.

बापानं आपल्याच लेकीचा ब्राश्का व्हायचं नसतं. कारण सरळ आहे. निरोपाच्या बोलण्यात ब्राश्का नवरीच्या वतीनं आईबापाकडे क्षमा मागतो. बापच ब्राश्का असला तर तो कुणाकडे मागणार? म्हणून शेजारच्या गावचा बेनो ठरला होता. त्याची काळजी नव्हती. काळजी पुढची होती. ब्राश्कानं क्षमा मागितली की बापानं स्वतःच्या तोंडानं म्हणायचं असतं, ‘दिली, जा.’ एवढंच. पण ते म्हटल्याशिवाय नवरी उंबरा ओलांडत नाही. ख्रिस्ताचे आजोबा लेकीच्या लग्नात एका गायीवरून रुसले होते, तर दुपारपर्यंत तोंड उघडलं नव्हतं त्यांनी, आणि वऱ्हाड अंगणात चिखलात उभं.

मी फादरना जाऊन विचारलं. ते म्हणाले, "मान हलवली तरी चालेल, वोर्शा. देवाला दिसतं."

घरी येऊन लेयनाला सांगितलं. ती पायरीवर बसून बुटांचा चिखल खरवडत होती.

"मान तर ते मला दोन वर्षं हलवूनच दाखवतायत," ती म्हणाली. "मला त्यांच्या तोंडून पाहिजे, आत्या."

"अगं, त्यांच्या तोंडात आहे काय आता?"

"ते मला माहीत नाही. तोंडून नाही आलं तर मी उंबऱ्याच्या आतच राहीन."

"आणि होर्स्टला काय सांगू?"

"त्यालाही आत घ्या."

मी चुलीवरचे बटाटे उतरवले आणि जवसाच्या तेलाची बाटली टेबलावर जरा जोरातच ठेवली.

सप्टेंबरच्या शेवटी बटाट्याचा हंगाम सुरू झाला. पुढे यंत्र माती उलटवत जातं आणि मागून आम्ही बायका कमरेत वाकून वेचत जातो. ओली चिकणमाती नखांत शिरते आणि संध्याकाळी बोटं मिटत नाहीत. लेयना गिरणीतून रजा घेऊन माझ्या शेजारच्या ओळीत होती. दादाला घरी एकटं ठेवायची सोय नव्हती, म्हणून त्याला बांधावर खोक्यावर बसवायचो. गुडघ्यांवर घोंगडी.

लोक वाईट नव्हते. पण मुका झालेला माणूस बहिराही झाला असं लोकांना का वाटतं कुणास ठाऊक. येताजाता जो तो त्याच्या कानाशी ओरडायचा. एक दिवस ख्रिस्तानं त्याच्या नाकासमोर बटाटा धरला. "हांद्री, हे काय? बटाटा! म्हण, बटाटा!"

"तो," दादा म्हणाला.

"बघा गं," ती बायकांना म्हणाली, "आयुष्यभर आमच्या चुका काढल्या, आता अगदी आमच्यासारखं बोलतोय!"

बायका हसल्या. मीही हसले, खोटं कशाला बोलू? लेयना हसली नाही. तिनं ख्रिस्ताच्या हातातला बटाटा काढून घेतला, टोपलीत टाकला आणि पुन्हा खाली वाकली. दादाच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. उजव्यातून तसंही येतच असायचं.

दुपारून पाऊस आला. बारीक, गार, बोचरा. आम्ही डोक्याला रुमाल गुंडाळले, पण दादाचं डोकं उघडंच. मी लेयनाला म्हटलं, "जा, घरून त्याच्या डोक्याला काहीतरी घेऊन ये." ती गेली आणि खुंटीवर पहिलं जे हाताला लागलं ते घेऊन आली. ती होती ब्राश्काची काळी टोपी. मी म्हणणार होते की अगं ही भिजवायची नसते, पण तोवर तिनं ती बापाच्या डोक्यावर ठेवली होती.

दादा ताठ झाला. डावा हात बाजूला चाचपडायला लागला. लेयनानं जवळ पडलेला बटाटे उकरायचा काटा त्याच्या हातात दिला. त्यावर भार देऊन तो उभा राहिला, घोंगडी चिखलात पडली, आणि वाकड्या तोंडातून आवाज आला. त्याचाच. भरदार.

"स्तुति असो प्रभूची! या घरींचा धनी आणि धनीण, दोघेंही मज ऐका. दुरूनि आलों, उंबऱ्यापाशीं उभा ठाकलों. दों घरांचा निरोप मजपाशीं असे, तो न सांगतां बैसेन ना, न सांगतां खाईन ना…"

यंत्रवाल्यानं यंत्र बंद केलं. ओळीतल्या बायका जिथं होत्या तिथं, हातात बटाटे घेऊन उभ्या राहिल्या. दादा बोलत होता. घोडे जुंपून नवरा कसा निघाला ते, काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला आणि येशूनं पाण्याचे सहा रांजण भरायला सांगितले ते, मांडलेल्या टेबलावरचा पाव आणि मांस ते, आणि शेवटी दार उघडा म्हणून विनवणी. एकही अडखळ नाही. दोघांसाठीचं ते जुनं बोलणं, होऊन गेलेलं एका शब्दात सांगणं, सगळं जागच्या जागी. ज्याला ‘पाणी’ म्हणता येत नव्हतं तो माणूस पाण्याचे सहा रांजण भरत होता.

शेजारच्या ख्रिस्तानं छातीवर क्रूसाची खूण केली. आमचा पणजा मेला तेव्हा आमचा बापही जन्मला नव्हता. त्याचं बोलणं तेवढं दादाच्या डोक्यात कुठल्याशा कोनाड्यात राहिलं होतं, आणि रोगाला तो कोनाडा सापडला नव्हता. त्या दिवशी शेतात उभी राहून मी पहिल्यांदा विचार केला, की माणूस भाषा बोलतो म्हणतात, पण भाषाच माणसाला धरून उभी करत असेल का?

दार उघडा म्हणून झाल्यावर दादा थांबला, आमच्याकडे पाहून म्हणाला, "तो."

त्यानंतरचे चार आठवडे आमच्या घरात जे चाललं ते कुणाला सांगून पटायचं नाही. दादाला युक्ती सापडली होती. हवी ती वस्तू त्याला सुटी मागता येत नव्हती, पण डोक्यावर टोपी ठेवली की तो पहिल्यापासून बोलायला लागायचा आणि हव्या त्या शब्दावर येऊन थांबायचा. थांबायचा आणि माझ्याकडे बघायचा. पाव पाहिजे असला की स्तुतीपासून सुरुवात, घोडे, रांजण, टेबल आणि मग ‘पाव’. तहान लागली की आम्हांला काना गावच्या लग्नाला जावं लागायचं. परसाकडे जायचं असलं तर शेवटच्या ‘दार उघडा’पर्यंत पोचायला हवं, आणि तेव्हा तो इतका भरभर बोलायचा की आम्हांला हसू आवरायचं नाही, त्यालाही नाही. मला वाटायचं, याला मध्येच सुरू करून बघावं. "दादा, रांजणापासून म्हण की!" पण मधून नाही जमायचं. पहिल्यापासूनच. आमंत्रणाच्या पुढे निरोपाचं बोलणं होतं, पण तिथवर तो कधी गेला नाही. त्यातलं काही त्याला लागत नव्हतं.

होर्स्ट रविवारी यायचा तेव्हा तोंड उघडं ठेवून ऐकत बसायचा. एका रविवारी दादा ‘दार उघडा’वर येऊन थांबला आणि मी उठायच्या आत होर्स्टनं उठून दार उघडलं. "बघ," मी लेयनाला म्हटलं, "चौथा शब्द आला." ती खुदकन हसली.

लेयना दिवसातून वीस वेळा ते ऐकायची. एकदा दूध काढताना तिच्या ओठांवर तेच चाललेलं मी ऐकलं, जुन्या चालीत, न चुकता. मला पाहिल्यावर गप्प झाली. पाणी द्यायला ती माझ्याआधी उठायची, पेला बापाच्या डाव्या हातात द्यायची, ओठ पुसायची. पण बोलायची नाही. अजूनही "आत्या, बाबांना विचार, गार लागतंय का." मी एकदा म्हटलं, "अगं, आता तरी तूच विचार! म्हातारा काय तुझ्या चुका काढणार आहे?"

"म्हणूनच नाही विचारत," ती म्हणाली. "चुका काढता येत होत्या तेव्हाचं देणं आहे ते, आता ते मुके झाले म्हणून फिटत नाही. आणि आत्या, आम्ही जे बोलतो तेही जिवंत माणसंच बोलतात ना? मी त्या दिवशी मुकुट धरून जे बोलले ते मनापासून बोलले होते."



रोज सकाळी मी दादाची दाढी करताना त्याला शिकवायची. "दिली, जा. म्हण. दि-ली."

"तो."

"माझ्या तोंडाकडे बघ. दि-ली."

"तो. तो. तो!" मग साबणाचा वाडगा जमिनीवर. मी फरशी पुसायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. टोपी घालूनही पाहिलं. पण तो शब्द बोलण्यात होताच कुठे? ब्राश्का क्षमा मागतो, देत नाही. एकतीस वर्षं दादानं दुसऱ्यांच्या लेकींसाठी मागितली होती. देण्याचा शब्द त्याच्या त्या कोनाड्यात कुणी ठेवलेलाच नव्हता.

लग्नाच्या सकाळी धुकं होतं. अंगणात वाजंत्री, फाटकाशी होर्स्ट आणि त्याची माणसं, आत दाटीवाटीनं आमची माणसं. लेयना काळ्या झग्यात, डोक्यावर उंच मुकुट, नजर खाली. नवरीनं त्या वेळी तोंडातून अक्षर काढायचं नसतं. दादाला मी उंबऱ्याच्या आतल्या बाजूला उभं केलं, काखेत हात घालून. त्याचा उजवा पाय थरथरत होता.

बेनो छान बोलला. कागदावरून पाठ केलेलं होतं, जुन्यातलं बरंच सोपं करून घेतलेलं, पण मनापासून. शेवटी टोपी काढून तो वाकला. "ही तुमची लेक तुमच्याकडे क्षमा मागते."

सगळे दादाकडे बघायला लागले.

"तो," दादा म्हणाला.

बेनो वाकलेलाच राहिला.

"तो. तो." त्याचा चेहरा लाल झाला. मानेच्या शिरा तटतटल्या. लोकांनी नजरा जमिनीकडे वळवल्या. फादरनी माझ्याकडे पाहून मान डोलावली, म्हणजे सांग त्याला, मान हलव. मी तर त्याच्या वतीनं ‘दिली’ म्हणायला तोंड उघडलं होतं. लेयनानं खाली बघतच माझं मनगट पकडलं. बोटं बर्फासारखी गार होती.

मग दादानं डावा हात पुढे केला आणि बेनोच्या हातातली टोपी घेतली. स्वतःच्या डोक्यावर ठेवली.

"स्तुति असो प्रभूची! या घरींचा धनी आणि धनीण…"

"पाणी हवं असेल," ख्रिस्ता कुजबुजली आणि पेला आणायला धावली. दादा रांजणांपर्यंत आला. ख्रिस्तानं पेला पुढे केला. तो थांबला नाही. पाव आला, मांस आलं, थांबला नाही. ‘दार उघडा’ आलं आणि बाहेर होर्स्टनं फाटक सताड उघडलं. दादा पुढे गेला. चर्चची घंटा वाजायला लागली, वाजून थांबली. वाजंत्र्यांनी टोप्या काढल्या होत्या. आणि मग आम्ही जे सबंध हंगामात ऐकलं नव्हतं ते सुरू झालं, निरोपाचं.

"तुमचे अंगणीं वाढलें, तुमचें मीठ खाल्लें. दोघांनीं मज उचलिलें, दोघांनीं मज चालविलें. जें बोलूं नये तें बोललें, जेथें बोलावें तेथें मुकी राहिलें. जोडिलेल्या हातांनीं मागतसें, क्षमा करा."

आणि तिथं थांबला.

पुढची ओळ होती, आशीर्वादाची. ती त्याला येत होती, मला पक्कं ठाऊक आहे. "विसरला," कुणीतरी मागे म्हणालं. मी दादाच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला ते थांबणं ओळखू आलं. पाण्यावर थांबायचा, पावावर थांबायचा, अगदी तसंच. त्याला हवं होतं त्या शब्दावर येऊन तो थांबला होता. फक्त या वेळी तो माझ्याकडे बघत नव्हता. लेयनाकडे बघत होता.

मी पन्नासावर लग्नं पाहिली. बापानं लेकीची क्षमा मागितलेली कधी पाहिली नाही, आणि पणज्यांनीही पाहिली नसेल, नाहीतर त्याचंही काही पाठ करून ठेवलं असतं.

लेयनानं मान वर केली. नवरीनं बोलायचं नसतं, पण ती बोलली. तिच्याच बोलीत, गिरणीतल्या, नावानावापुढे ‘ती’ आणि ‘तो’ लावून.

"दिली, बाबा. ती क्षमा मी तुम्हांला केव्हाच दिली आहे. आता मी जाऊ का?"

दादानं टोपी काढून बेनोला परत दिली. मग डावा हात लेयनाच्या पाठीवर ठेवला आणि तिला हलकेच पुढे ढकललं, लहानपणी शाळेला जायच्या वेळी दारातून ढकलायचा तसं. ती उंबरा ओलांडून धुक्यात उतरली. दादा माझा हात सोडवून, पाय ओढत, तिच्या मागोमाग गेला.